दुखणे अंगावर काढू नका



बुद्धविहारात आरोग्य तपासणीचे शिबिर लावले की आम्ही प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारतो, "कुठे दुखतंय का?" पुरुष बहुतेक वेळा नुसती मान हलवतात. बायका हसतात आणि म्हणतात, "दुखायचं काय ताई, नेहमीचंच आहे." मग बीपीचा पट्टा दंडाला बांधता बांधता हळूहळू कळते की कंबर तीन वर्षांपासून धरली आहे, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दाढ ठणकते म्हणून एका बाजूनेच घास चावला जातो. हे सगळे "नेहमीचंच" या एका शब्दात गुंडाळलेले असते.

त्या शब्दाची किंमत किती असते ते आम्ही पाहिले आहे. कचरा वेचणारी एक ताई होती. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री चादर पायाला लागलेली सहन होत नाही, असे ती सांगायची. वस्तीजवळच्या एका दवाखान्यात ती दर आठवड्याला जाई, सुई मारून घेई, दोन दिवस बरे वाटे. असे कितीतरी महिने चालले. तिची रक्तातली साखर कोणी तपासलीच नाही. पुढे पायांची आग आपोआप कमी झाली. तिला वाटले, गुण आला. खरे तर पाय बधिर होत चालले होते. चपलेतून काच घुसली ते तिला कळलेच नाही. जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला.

दुखत होते तेव्हा ते दाबले गेले आणि दुखायचे थांबले तेव्हा पाय हातचा गेला. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर दुखण्याविषयीच बोलू. दुखते म्हणजे शरीरात काय होते, ते कसे सांगायचे, त्यावर काय करायचे आणि काय टाळायचे.

दुखते म्हणजे नेमके काय होते?

गॅसवरच्या तापल्या तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. "आई गं" हे त्यानंतर तोंडातून निघते. असे का? आपल्या कातडीत, स्नायूंत, सांध्यांत आणि पोटातल्या अवयवांत मज्जातंतूंची बारीक टोके असतात. फार गरम, फार दाब, काप, सूज असे काही झाले की ही टोके जागी होतात आणि निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे धाडतात. मज्जारज्जू मेंदूची वाट न पाहता हाताला मागे खेचतो. तोच निरोप पुढे मेंदूत पोचतो, तेव्हा आपल्याला कळते की भाजले.

हा निरोप दोन वाटांनी जातो. एका प्रकारचे तंतू वेगाने निरोप नेतात, त्यामुळे पहिल्यांदा टोचल्यासारखी तीव्र कळ येते. दुसरे तंतू हळू चालणारे असतात, त्यामुळे मागाहून ठणका सुरू होतो आणि बराच वेळ राहतो. दार बोटावर आपटले की आधी झणका आणि मग ठसठस, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

जखम झालेल्या जागी शरीर काही रसायने सोडते. त्यातले एक म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. त्यामुळे ती जागा लाल होते, सुजते आणि जास्त हळवी होते. हळवी झाल्यामुळे आपण ती जागा जपतो आणि तिला भरून यायला वेळ मिळतो. म्हणजे दुखणे हा मुळात शरीराचा राखणदार आहे.

मज्जारज्जूत निरोपाला एक दरवाजाही असतो. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट मांडली. कोपर आपटले की आपण ते चोळतो. चोळण्याचा, शेकण्याचा निरोप त्याच दरवाजातून आत शिरतो आणि दुखण्याच्या निरोपाची वाट थोडी अडवतो. आजीचा शेक आणि आईचा हात यांनी बरे वाटते, त्यात मनाचे समाधान असतेच, पण शरीराचे कारणही आहे.

शेवटचा निवाडा मेंदूत होतो. झोप झाली नसेल, काळजी असेल, घरात मारझोड असेल, एकटेपणा असेल, तर तेवढीच जखम जास्त दुखते. याचा अर्थ "मनाचेच खेळ आहेत" असा नव्हे. दुखणे खरेच असते, फक्त त्याचा आवाज लहानमोठा होतो.

दुखणे सांगायला शिका

दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसायला मिळतात दोन-तीन मिनिटे. तेवढ्यात "अंग दुखतं" एवढेच सांगितले तर अंगदुखीची गोळीच मिळते. आपल्या मराठीत दुखण्याला कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द डॉक्टरांना वाट दाखवतो. ते शब्द लाजू नका, वापरा.

आग होणे, मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे होणे, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे: हे बहुधा मज्जातंतूंचे दुखणे असते. साखर तपासायलाच हवी.

ठणकणे, ठसठसणे: सूज किंवा पू झालेला असू शकतो. दाढ, गळू, नखाचा कोपरा असा ठणकतो.

कळ येऊन जाणे आणि पुन्हा येणे: आतडे, मूत्रमार्गातला खडा, बाळंतपणाच्या कळा.

चमक निघणे, उसण भरणे, लचकणे: स्नायू किंवा मणका. कमरेतून निघालेली चमक मांडीमागून पायापर्यंत जात असेल तर तेही सांगा.

सकाळी उठल्यावर सांधे आखडणे: अर्धा-एक तास सांधे सुटत नसतील, बोटे सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी.

छातीवर दगड ठेवल्यासारखे जड वाटणे, दाब येणे: हे हृदयाचे असू शकते. हृदयाचे दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागातही जाणवते. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत फारसे न दुखता नुसता घाम, धाप आणि मळमळही होऊ शकते. "गॅस झालाय" म्हणून सोडा पीत बसू नका.

घरून निघण्यापूर्वी पाच गोष्टी मनात घोळवून ठेवा. कुठे दुखते? केव्हापासून? कशासारखे दुखते? कशाने वाढते आणि कशाने कमी होते? आणि शून्य ते दहामध्ये किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आकडा सांगितला की दुखणे मोजता येते आणि औषधाने ते उतरले की नाही हेही कळते. "रात्री झोप मोडते", "भांडी घासायला बसता येत नाही", "हातगाडी ओढवत नाही", हेही सांगा. काम अडते आहे ही मोठी खूण आहे.

बाबासाहेबांचे पाय

राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता ते १९४७-४८ चे दिवस आठवा. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांच्या डोक्यावर केवढे काम होते हे आपण जाणतो. त्याच काळात त्यांना मधुमेह होता आणि पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदना इतक्या वाढल्या होत्या की रात्रीची झोप लागत नसे. मधुमेहात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की सर्वांत लांब तंतूंना आधी इजा होते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून दुखणे तळपायापासून सुरू होते.

बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी दुखणे लपवले नाही. आपल्या माणसांना पत्रांतून प्रकृतीविषयी कळवले. मुंबईला डॉ. मालवणकरांकडे उपचार घेतले. मुंबईतच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढे माईसाहेबांनी त्यांचे इन्सुलिन आणि पथ्यपाणी सांभाळले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेब आणि डॉ. मालवणकर या दोघांचे ऋण नोंदवले आहे.

प्रकृती अशी असतानाच २५ डिसेंबर १९५४ रोजी ते आपल्या पुण्याजवळ देहूरोडला आले आणि तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला हातात काठी घेऊन ते उभे राहिले. बाबासाहेबांनी दुःख सोसले असे आपण अभिमानाने सांगतो, ते खरेच आहे. पण त्याबरोबर हेही सांगायला हवे की त्यांनी औषध घेतले, पथ्य पाळले, मदत मागितली आणि मदत करणाऱ्यांची जाण ठेवली. भिंतीवर त्यांचा फोटो लावणाऱ्या घराने एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरा किंवा नातवंडाला पाहायला सांगा. अनवाणी चालू नका. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका, भाजलेले कळत नाही. पायांची आग होत असेल तर साध्या वेदनाशामक गोळीचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी वेगळी औषधे असतात, ती डॉक्टरांनीच ठरवायची. आणि आग आपोआप थांबली तर खूश होण्याआधी पायाला स्पर्श कळतो का ते तपासून घ्या.

कष्टाचे अंग आणि न संपणारे दुखणे

जखम भरते, हाड जुळते, तरी काहींचे दुखणे जात नाही. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. राखणीचा कुत्रा चोरावर भुंकतो ते ठीक. पण त्याची सवय बिघडली की तो पोस्टमनवर भुंकतो, शेजारणीवर भुंकतो, पान हलले तरी भुंकतो. सतत निरोप येत राहिले की मज्जासंस्थेचेही तसेच होते. ती जास्त हळवी होते आणि हलक्या स्पर्शालाही दुखणे म्हणते. म्हणून नवे दुखणे वेळेत आवरणे महत्त्वाचे.

जुनाट कंबरदुखीत आठ-आठ दिवस झोपून राहिल्याने नुकसानच होते, स्नायू ढिले पडतात. झेपेल तेवढे चालणे, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि पुरेशी झोप हे तिथले मुख्य औषध आहे. सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो, चिठ्ठी मागून घ्या. ताजी मुरगळ असेल तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक, जुने आखडलेले असेल तर गरम शेक. हाड बसवणाऱ्याकडून मान-पाठ पिळून घेऊ नका.

ओझे उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकून, वजन छातीजवळ धरून उचला. पण इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. कसे उचलावे हे शिकवून भागत नाही, किती उचलावे लागते हाही प्रश्न आहे. पुण्यात हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून लढा दिला. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून त्यांच्या हक्कांसाठी उभी आहे. हातमोजे, ढकलगाडी, कचऱ्याचे वर्गीकरण या मागण्या म्हणजे पाठदुखी आणि जखमांवरचेच औषध आहे. दुखण्याचे कारण कामात असेल तर उपाय फक्त मेडिकलच्या दुकानात सापडणार नाही.

गोळी, सुई आणि पुडी

*पॅरासिटामॉल.* ताप आणि साध्या दुखण्यावर ही पहिली गोळी. निरोगी प्रौढ माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या एका वेळी, दोन वेळांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवून, दिवसभरात आठपेक्षा जास्त कधीच नाही. वजन कमी असलेल्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि रोज दारू पिणाऱ्यांनी याहून कमी, तेही विचारूनच. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, कॉम्बिफ्लाममध्येही असते. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून एकच औषध दुप्पट पोटात जाते आणि यकृताला इजा होते. पाकिटावरचे बारीक अक्षर मुलांकडून वाचून घ्या. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका.

*आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक.* या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणे थांबवतात, म्हणून सूज आणि दुखणे दोन्ही उतरते. पण तेच रसायन पोटाच्या अस्तराचे आणि मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याचे रक्षण करते. म्हणून या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर पोटात व्रण होतो, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड खराब होते. बीपी, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको. गरोदर बाईने तर नकोच. जेवणानंतर घ्या, पाणी भरपूर प्या. आणि पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्या आणि ॲस्पिरिन बंद. डेंग्यूमध्ये त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

*सुई.* "सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही," हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. डायक्लोफेनॅकची सुई आणि डायक्लोफेनॅकची गोळी यांत औषध एकच. सुईने थोडे लवकर बरे वाटते एवढेच. चुकीच्या जागी बसली तर पायाच्या मोठ्या मज्जातंतूला इजा होते. सुई स्वच्छ नसेल तर त्याहून वाईट. दर आठवड्याला सुई देणारे डॉक्टर तपासणी करत नसतील तर विचारा, "कशाची सुई आहे? दुखणं कशामुळे आहे?" हे विचारणे तुमचा हक्क आहे.

*पुडी.* कागदाच्या पुडीतल्या नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या आणि "गुडघ्यावर जालीम" म्हणून विकले जाणारे चूर्ण यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवसांत गुण येतो. पुढे तोंड सुजते, साखर आणि बीपी वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच महिने असे औषध चालू असेल तर ते एकदम बंद करू नका, तेही धोक्याचे आहे. पुडी घेऊनच मोठ्या दवाखान्यात जा.

मिश्री आणि घोटभर

आमच्या किती बहिणींना मिश्री लागली ती दाढदुखीने. कोणी तरी सांगितले, "लाव जरा, बधिर होईल." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दाढ काही काळ शांत होते, व्यसन मात्र आयुष्यभर राहते आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट उघडते. किडलेली दाढ दंतवैद्याकडे दाखवा, सरकारी दवाखान्यात ती कमी खर्चात काढून किंवा भरून मिळते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही असेल तर दुखत नसले तरी दाखवा.

पुरुषांचे म्हणणे असते, "दिवसभर अंग मोडतं, घोटभर घेतल्याशिवाय झोप येत नाही." दारूने दुखणे दोन तास झोपते आणि सकाळी दुपटीने उठते. झोप उथळ होते, मज्जातंतू खराब होतात. आपण पंचशील घेतो तेव्हा पाचवे शील म्हणतो. ज्याला दारू सोडायची आहे त्याचे दुखणेही ऐकून घ्या. नुसते शील सांगून कंबर बरी होत नाही आणि कंबर बरी झाली नाही तर बाटली सुटणे अवघड.

"तुम्हाला सवय आहे"

आता एक कबुली. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात रुजू झालो तेव्हा प्रसूतीच्या टेबलावर ओरडणाऱ्या बायकांना दटावणे हा जणू कामाचा भाग होता. आम्हीही दटावले आहे. "एवढं काय ओरडतेस, तुम्हा लोकांना सवय असते," हे वाक्य एका वरिष्ठांच्या तोंडून ऐकले तेव्हा "तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला हे आम्हाला नीट कळले. आम्हीही त्याच लोकांतल्या. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून टोचते.

कष्टकऱ्याला कमी दुखते हा समज जुना आहे आणि सगळीकडे आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१६ सालच्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी अनेकांना काळ्या माणसांची कातडी जाड असते असे वाटत होते आणि ज्यांना असे वाटे ते काळ्या रुग्णाचे दुखणे कमी लेखत. विज्ञानात याला कसलाही आधार नाही. मज्जातंतूला जात नसते, रंग नसतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबत स्पष्ट म्हटले आहे की माणूस दुखते असे सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

दुसरी बाजूही पाहा. बाईचे दुखणे ऐकलेच नाही तरी वाईट आणि न तपासता थेट कापले तरी वाईट. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पोटात दुखते, अंगावरून जाते, म्हणून "पिशवी काढून टाका" असे कोणी सांगितले तर आधी सोनोग्राफी, आधी औषधे आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मुलींना पाळीत दर महिन्याला शाळा बुडेल एवढे दुखत असेल तर "बाईच्या जातीला एवढं असतंच" म्हणू नका, तपासून घ्या.

शेवटच्या आजारातले दुखणे

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात "आता काही करता येणार नाही" म्हणून माणसाला घरी आणतात आणि मग घरभर त्याचे कण्हणे ऐकत रात्री काढतात. बरे करता येत नसले तरी दुखणे कमी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्यासाठी पायऱ्या घालून दिल्या: साध्या गोळ्या, मग सौम्य अफूजन्य औषधे, मग मॉर्फिन. मॉर्फिनची गोळी तोंडाने घेता येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन रुग्णांसाठीची वाट सोपी झाली. योग्य प्रमाणात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेले मॉर्फिन म्हणजे नशा नव्हे.

पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तिथे कर्करोगाच्या रुग्णांचे दुखणे कमी करण्यासाठी निःशुल्क सेवा दिली जाते आणि घरच्यांना सेवा कशी करायची तेही शिकवले जाते. शेजारी कोणी असे कण्हत असेल तर ही माहिती त्या घरापर्यंत पोचवा. भगवान बुद्धांनी भिक्खूंना सांगितले होते की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. मलमूत्रात पडलेल्या एका आजारी भिक्खूला त्यांनी आनंदासोबत स्वतः धुतले, तेव्हाची ती गोष्ट आहे.

वेदना, पूर्वकर्म आणि बाण

"मागच्या जन्मीचं काही तरी असेल," हे वाक्य अजून आपल्या घरांतूनही ऐकू येते. पाली भाषेत वेदना म्हणजे फक्त दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि मधली, अशी प्रत्येक जाणीव म्हणजे वेदना. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात एक परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे काही भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच असते का. बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, मार लागणे अशी कारणे एकेक सांगतात. त्या यादीत कर्मही आहे, पण सगळेच पूर्वकर्मामुळे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी लोकांना कारण शोधायला सांगितले. आपण निदान साखर तरी तपासावी.

सल्ल सुत्तात दोन बाणांची उपमा आहे. शरीराला लागणारा पहिला बाण, आणि त्यावर हळहळत, घाबरत आपणच मनाला मारून घेतलेला दुसरा. आनापान करणे, श्वास लांब सोडणे, आपल्या माणसाशी बोलणे, यांनी दुसरा बाण निघतो आणि त्याचा खरेच उपयोग होतो. पण काही जण हीच उपमा "सहन करा" म्हणून सांगतात, ते आम्हाला मान्य नाही. बुद्धांनीच दुसऱ्या ठिकाणी सांगितले आहे की बाण लागलेल्या माणसाने बाण कोणी मारला याची चर्चा करत बसू नये, आधी तो काढून घ्यावा. खुद्द बुद्धांची पाठ दुखायची. पावा नगरीत एका रात्री त्यांनी सारिपुत्ताला धम्म सांगायला सांगितले आणि "पाठ दुखते, जरा आडवा होतो" म्हणून ते पहुडले. जे सम्यक संबुद्धाला सांगायला कमीपणा वाटला नाही ते आपल्याला का वाटावे?

ही लक्षणे असतील तर थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा

१. छातीत दाब, घाम, धाप. हातात किंवा जबड्यात जाणारे दुखणे.

२. आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक, भयंकर डोकेदुखी. डोकेदुखीबरोबर ताप आणि मान ताठ होणे. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे.

३. पोट दगडासारखे कडक होणे, सतत उलट्या, शौचातून काळे किंवा लाल रक्त.

४. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे किंवा चक्कर.

५. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणे.

६. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे. ती चोळू नका.

७. मधुमेह असलेल्याच्या पायाला जखम, मग ती दुखो अगर न दुखो.

पैशांमुळे थांबू नका. ससूनमध्ये जा, महापालिकेच्या दवाखान्यात जा. महापालिकेची शहरी गरीब योजना आणि राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स घरात एका पिशवीत तयार ठेवा. कागदपत्रांत अडचण आली तर वस्तीतल्या आशाताईंना आणि विहारातल्या कार्यकर्त्यांना सोबत न्या. एकट्या बाईला परत पाठवणे सोपे असते, चार जण उभे असले की खुर्चीवरचा माणूस नीट ऐकतो.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर शेजारी बसलेल्या ताईला विचारा, "कुठे दुखतंय का?" ती हसून "नेहमीचंच" म्हणेल. तिथे थांबू नका. "केव्हापासून?" असे पुढचे विचारा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.